गहूवर्णी आणि इतर भाषांतरं

माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक निळी पाटी आहे. सहा वर्षं झाली लागून. परवापरवापर्यंत मी ती एकदाही पूर्ण वाचलेली नव्हती. पहिला शब्द 'शबाना' आहे एवढं दिसायचं, पुढे नजर आपोआप चहाच्या टपरीकडे वळायची. डॉक्टरांनी मला मीठ तोडायला सांगितलं, साखर तोडायला सांगितली. या पाटीवर मात्र कोणी औषध दिलं नाही.

दिवाळी अंकवाल्यांना माझ्याकडून वेगळंच हवं होतं. "आबा, अडतीस वर्षं जळगावात भाषांतरं केलीत, कोर्टकचेरीच्या चार गमती लिहा." गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की पाटी आडवी येते. तेव्हा तिचंच लिहितो. दुसऱ्याचा जळफळाट वाचायला ज्यांना आवडत नाही त्यांनी खुशाल राशिभविष्य काढावं.

आधी धंदा सांगतो. माणूस परदेशी निघाला की त्याचे मराठी कागद इंग्रजीत करावे लागतात. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा, सातबाराचा उतारा. ते मी करतो. मग ताडणी. म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं भाषांतरावर बोट ठेवून बघायचं. जुळलं की खाली माझा शिक्का: 'मूळ कागदाशी ताडून पाहिले, बरोबर आहे.' शिवाय लग्नाचे बायोडाटा, अर्ज, परदेशी कॉलेजांचे फॉर्म. थोडक्यात, ज्याला इंग्रजीची भीती वाटते त्याची भीती मी उतरवून घेतो.

माझ्याकडे एक जाडजूड कोश आहे. धुळ्याला कॉलेजात असताना रद्दीच्या दुकानातून उचललेला. त्याच्या जिवावर मी संसार केला. कोशात बघितल्याशिवाय एक शब्द टाकला नाही, याचा मला गर्व होता, आणि गर्व होता हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. दुसरी माझी सवय म्हणजे डोळे मिटून सांगणे. मी खुर्चीत मागे रेलतो, डोळे मिटतो, आणि इंग्रजी बाहेर पडायला लागतं. टाइप करणाऱ्यानं फक्त पकडायचं. गिऱ्हाइकं आ वासून बघत बसत.

हे पकडायला शबाना माझ्याकडे एकोणीस वर्षांची असताना आली. वडील हनीफभाई आमच्या बाजाराच्या बोळात शिलाईकाम करतात. माझ्या सगळ्या पँटी त्यांच्याच हातच्या. पोरगी कॉम्प्युटरवर तरबेज, बोलायला कमी. सात वर्षं माझ्या टेबलाला होती. मी म्हणायचो, शबाना म्हणजे माझा उजवा हात. उजव्या हाताला डोकंही असू शकतं, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

ध्यानात आलं ते एका फॉर्ममुळे. पारोळ्याचा एक मुलगा परदेशी कॉलेजात निघाला होता. फॉर्मवर रकाना होता 'रेस'. आता आपल्याकडे कोणताही फॉर्म घ्या, नाव झालं की जात. शाळेच्या दाखल्यावर जात, नोकरीच्या अर्जावर जात. मी म्हटलं, जात विचारताहेत. मी जात टाकली, पोटजात टाकली, यादीतला अनुक्रमांक टाकला आणि वर जातीच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर शिक्का मारून जोडलं. असे किती फॉर्म मी त्याआधी पाठवले असतील देव जाणे. तिकडच्या कुण्या कारकुनाच्या टेबलावर खानदेशातल्या जातींचा अख्खा पोळा भरला असेल.

शबाना म्हणाली, "आबा, हे जात नाही विचारत. वंश विचारताहेत. आपण एशियन, त्यात इंडियन. मागच्या पानावर लिहिलंय."

मागचं पान! अडतीस वर्षांत मी फॉर्मचं मागचं पान वाचलं असेल तर शपथ. मी म्हटलं, "तू टाइप कर." आठ दिवसांत तिकडून पत्र आलं, जोडलेला कागद कशाचा आहे ते कळत नाही, कृपया दिलेल्या पर्यायांतून एक निवडा. तिनं निवडला, पाठवला, एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तिच्या न बोलण्यानं.

मग मी जरा जास्तच हुशारी दाखवायला गेलो. चाळीसगावच्या एक बाई मुलाला घेऊन आल्या, मुलगा गोरापान, घारे डोळे. मला शाळेतलं आठवलं. आमचे भूगोलाचे मास्तर छडी आपटून सांगत, आपण कॉकेशियन वंशाचे. कोशातही तसंच होतं. फॉर्मवर कॉकेशियनसाठी रकाना होता 'व्हाइट'. मी तिथं खूण केली. बाई तर हरखल्याच. "मी म्हणतच होते, आमचा गोराच आहे!" शबानानं माझ्याकडे पाहिलं, मी डोळे मिटले. पुढे कॉलेजनं मुलाला व्हिडिओवर बोलावलं, समोर चाळीसगावचा पाटील बघून पुन्हा कागद मागवले, आणि पोराचा महिनाभर जीव टांगणीला लागला. शबानानं मला समजावलं की ती भूगोलाची वाटणी आता कोणी मानत नाही, तिकडे व्हाइट म्हणजे युरोपातून आलेल्यांची माणसं, गोऱ्या कातडीशी त्याचा संबंध नाही. मी म्हटलं, "बरं बरं." आत पोटात दुखायला लागलं होतं. हे सगळं मला माहीत असायला हवं होतं, आणि माहीत होतं तिला.

त्याच सुमारास हनीफभाई आले. "आबा, लडकी का कागज बनाना है. जरा अच्छा लिखना." शबानाच्या लग्नाचा बायोडाटा. मी म्हटलं, तुमची तशी माझी. जीव ओतून बायोडाटा तयार केला. शबाना सावळी आहे, चांगली सावळी. पण बायोडाटाच्या भाषेत सावळा रंग नसतोच. तिथं गोरी, नाहीतर निमगोरी, नाहीतर गहूवर्णी. इंग्रजीत 'व्हीटिश'. या धंद्यात मी हजारो मुली गहूवर्णी केल्यात. गहू इतक्या रंगांचा नसेल.

मी स्वतः काळा आहे. आमच्या धुळ्याकडच्या बोलीत काया. माझी आई माझी ओळख करून द्यायची ती अशी, "मना पोऱ्या काया शे, पन गुनी शे." पाहुण्यांना सांगे, मास्तरांना सांगे. माझ्या लग्नाच्या कागदावर मी स्वतःच्या हातानं गहूवर्णी लिहिलं होतं. त्यामुळे शबानाच्या कागदावर तो शब्द टाकताना मला वाटलं, मी पोरीवर उपकारच करतोय.

धुळ्याहून पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी बघितली, गेले. निरोप आला, 'कागदात वेगळी होती.' दोन महिन्यांनी शबानानं काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाली, "स्वतःचं काहीतरी करावं म्हणते." आणि समोर निळी पाटी लागली.

गुरूची विद्या गुरूलाच! मी महिनाभर भेटेल त्याला सांगत सुटलो, पोरीनं माझी गिऱ्हाइकं पळवायला बरोबर समोरचा गाळा धरला. गिऱ्हाइकं पळाली हे खरंच. आधी नर्सिंगच्या पोरी गेल्या, मग केळी बाहेर पाठवणारे व्यापारी, मग खुद्द माझ्या साडूचा मुलगा. तिनं परदेशी कार्यक्रमांखालची अक्षरं टाइप करायचं कामही घेतलं होतं, त्यात कोणता शब्द कुणासाठी वापरायचा, कुठला जुना झाला, कुठला आता दुखावतो, याचे धडेच मिळत म्हणे. माझ्या दुकानात बसून मी तिच्या पायरीवरच्या चपला मोजायचो. पावसाळ्यात जरा बरं वाटायचं, कारण चपला आत ठेवत, आणि मोजता येत नसत. तिचं पुढे लग्न झालं, पारोळ्याच्या एका शिक्षकाशी. तो बायोडाटा तिनं स्वतः लिहिला असं ऐकलं. त्यात काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही.

आता ज्योती. ही खरी गोष्ट, बाकी सगळी प्रस्तावना.

ज्योती पहूरची, इथल्या एका दवाखान्यात नर्स. इंग्लंडमधल्या नोकरीसाठी अर्ज केला होता. इंग्रजीची परीक्षा पास, बोलायची बरी, पण लिहायचं म्हटलं की अडायची. तिकडून एक लेख मागितला होता, 'वेगळ्या समाजातल्या रुग्णाची तुम्ही घेतलेली काळजी'. त्यावरच मुलाखतीत प्रश्न येणार होते. घरी वडील नाहीत, दम्याचा भाऊ, आई दुसऱ्याच्या वावरात केळीचे घड वाहते. ही नोकरी लागणं म्हणजे त्या घराची दशा पालटणं. तिची आत्या माझी जुनी ओळखीची, म्हणून पोरगी पलीकडे न जाता माझ्याकडे आली. सांगायला लाज वाटते, पण समोरच्या गाळ्यातून दिसेल अशा बेतानं मी तिला दारातल्या खुर्चीत बसवलं.

ज्योती सांगायला लागली. टांझानियाचा एक विद्यार्थी, इथं कॉलेजात शिकणारा, तापानं आणि खोकल्यानं भरती झालेला. दुपारच्या पाळीत बोटाला लावायचं मशीन म्हणत होतं, प्राणवायू ठीक आहे. गडद कातडीवर ते मशीन कधीकधी फसतं म्हणे. पण पोरगा तळमळत होता.

"आबा, तो काया होता ना, म्हून कोनाच्या ध्यानात आलं नाही. आपल्या गोऱ्या पेशंटचे ओठ निळे पडले का दिसते. त्याचे कसे दिसतीन? मी त्याचा खालचा ओठ उलटा करून पाह्यला. आतून निळा! पळत जाऊन डॉक्टरले आनलं."

"तुला कसं सुचलं?"

"मह्या भाऊ बी काया हाये ना. त्याले दम लागला का माय अस्साच ओठ उलटून पाह्ये."

मी मागे रेललो, डोळे मिटले. आणि काय सांगितलं? त्यातलं निम्मं गाळलं. ओठ उलटा करणं मला गावंढळ वाटलं. इंग्लंडच्या साहेबापुढे हे काय सांगायचं? मी भारदस्त वाक्यं घातली. मानवता, सेवाधर्म, वसुधैव कुटुंबकम्. आणि रुग्णाचं वर्णन केलं ते असं: तो निग्रो तरुण होता, परंतु स्वभावाने अतिशय गोड होता. 'निग्रो' कोशात होता. माझा कोश छापला तेव्हा तो शिष्ट शब्द होता.

दुसऱ्या दिवशी ज्योती कागद घेऊन परत आली, चेहरा पडलेला. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिनं तो पलीकडे दाखवला होता. त्या शब्दाभोवती पेन्सिलीचं गोल होतं आणि एक चिठ्ठी टाचलेली होती.

'आबा, हा शब्द आता वापरत नाहीत, लोकांना लागतो. ब्लॅक लिहा. तेही रंगाचा खरंच संबंध असेल तर. आणि तो परंतु कृपया काढा. शबाना.'

अंगाचा तिळपापड झाला. कृपया म्हणे! मी ज्योतीला म्हटलं, "ब्लॅक? आजारी माणसाला तोंडावर काळा म्हणायचं? ही सभ्यता? अगदीच वाटलं तर कलर्ड लिहू." तोही शब्द तसलाच, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! आपल्याकडे काळं असणं हाच मुळी दोष, म्हणून सरळ शब्द आपल्याला शिवी वाटतो आणि आपण आडवळणाचे शोधतो. ही अक्कल मला आत्ता आली आहे, आणि तीही माझी नाही, शबानाची. ती आता इंग्रजीचा वर्गही घेते, त्यात हे सांगते.

ज्योती हळूच म्हणाली, "आबा, त्या ताई म्हने..."

"ताई काल माझ्या टेबलावर टाइप शिकली! अडतीस वर्षं इथं बसून मी काय माशा मारल्या?"

शिक्का असा आपटला की टेबलाची काच थरथरली. पोरगी कागद घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तो पाठवणार होती.

आता जे लिहितो ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ज्योती गेल्यावर मी कॉम्प्युटरवर तो शब्द शोधला. पहिल्याच ओळीत होतं, जुना शब्द, अपमानकारक मानला जातो. कलर्डचंही तेच. मी वाचलं आणि ते पान बंद केलं. ज्योतीचा नंबर वहीत होता. सबंध संध्याकाळ होती. एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण फोन केला असता तर पलीकडचीचं बरोबर ठरलं असतं. समोर तिच्या पायरीवर सात जोड चपला होत्या. मी फोन केला नाही.

मुलाखत कॉम्प्युटरवर झाली. समोर तिघं होती, त्यांतली मोठी नर्स एक ब्लॅक बाई. तिनं ते वाक्य मोठ्यानं वाचलं. चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

ज्योती म्हणाली, "मी."

तिनं माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाहीस, असं मी नंतर विचारलं तर म्हणाली, "कागदावर सही तं मही होती ना, आबा." नोकरी मिळाली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल, असं पत्र आलं. तिच्या आत्यानं मला रस्त्यात पाहिलं आणि दुसऱ्या बाजूनं गेली.

ते सहा महिने मी दुकानात बसत होतो एवढंच. कोशाला हात लावायची इच्छा होईना. ज्योती शबानाकडे जायला लागली होती, मला दिसायचं. आठवड्यातून दोनदा, तिच्या चपलेला हिरवा पट्टा होता. मी वाट बघत होतो की काहीतरी चुकावं. शबानाचं हो, ज्योतीचं नव्हे. पण दोघींची गाठ अशी बसलेली की एकीचं चुकल्याशिवाय दुसरीचं चुकणार नव्हतं, आणि मग मला माझीच शिसारी यायची.

एका दुपारी ज्योती पेढे घेऊन आली. नोकरी लागली होती. तो डबा आधी पलीकडे उघडलेला होता, वरच्या थरातले दोन पेढे कमी होते. मी तेही मोजलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"आबा, नवा लेख पाहता का?" म्हणाली आणि कागद समोर ठेवला.

मी वाचला. सुरुवातीला रंगाचा शब्दच नव्हता. 'तो एकवीस वर्षांचा टांझानियाचा विद्यार्थी होता, घरापासून फार लांब, आणि त्याला श्वास घेता येत नव्हता.' मग मशीनचं. आणि मग, जिथं हवा तिथं, सरळ शब्द: 'त्याची त्वचा काळी असल्यामुळे निळेपणा बाहेरून दिसला नसता, म्हणून मी त्याच्या खालच्या ओठाची आतली बाजू पाहिली. हे मला माझ्या आईनं शिकवलं. माझा भाऊही काळा आहे.' पुढे 'परंतु' नव्हता. वाक्य तिथंच संपलं होतं. ज्योती म्हणाली, मुलाखतीला त्याच बाई होत्या, त्यांनी हेच वाक्य वाचलं आणि आईचं नाव विचारलं.

मी जळून खाक झालो. खोटं कशाला बोलू? गिऱ्हाइकं गेली तेव्हा जेवढा जळलो नव्हतो तेवढा या तीन ओळींनी जळलो. मजकूर सगळा माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीत बसून, ज्योतीनं मला आधी सांगितला होता. मी डोळे मिटून बसलो होतो.

ज्योतीची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या आबा, पेढा खा." मी पेढा खाल्ला, चप्पल घातली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा रस्ता ओलांडला.

शबाना उठून उभी राहिली. "या आबा. बसा." मला म्हणायचं होतं, फार सुंदर लिहिलंस. तोंडातून निघालं, "दुसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम राहिलाय."

तिनं फाइल उघडली, बघितलं. "खरंच की." आणि मनापासून म्हणाली, "ताडणीला तुमच्यासारखं कोणी नाही."

एवढ्यावर उठायला हवं होतं. पण उठलो नाही. म्हटलं, "शबाना, तुझ्या त्या पहिल्या बायोडाटात मी गहूवर्णी लिहिलं होतं. तुझ्या भल्यासाठीच लिहिलं गं. तुला कोणी सांगितलं की नाही..."

"आबा," ती म्हणाली, "तो टाइप मीच केला होता."

तिनं फाइल बंद केली.

"तुम्ही नेहमीसारखे डोळे मिटून सांगत होतात. नाव, वय, शिक्षण, उंची. मग रंग. मी तिथं थांबले. वाटलं, मी समोरच बसलेय, आता एकदा डोळे उघडून बघतील. तुम्ही म्हणालात, गहूवर्णी, पुढे चल."

तिनं चहा मागवला. आम्ही तो प्यायलो, तिच्या मुलीचं विचारलं, हनीफभाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं विचारलं. निघताना पायरीवर चप्पल घालता घालता वर पाहिलं आणि पाटी पूर्ण वाचली. 'शबाना भाषांतर केंद्र.' आणि खाली बारीक अक्षरात: 'समोर बसवून, विचारून लिहून मिळेल.'

मी अजूनही जळतो. आता निदान पूर्ण वाचून जळतो.